सूर्यघड्याळ, सूर्यघटिका की छायायंत्र? आणि सूर्य नेमका काय करतो : सरकतो, चालतो की फिरतो?

प्रश्न

नागपुरातील आमच्या शाळेच्या आवारात, सावलीवरून वेळ सांगणारे एक दगडी साधन बसवले जात आहे. त्याच्या शेजारी लावायच्या मराठी फलकाच्या मसुद्यावरून शिक्षकांमध्ये मतभेद झाले आहेत. एकांनी ‘सौर घड्याळ’ लिहिले, दुसऱ्यांनी ‘सूर्यघटिका’ सुचवले आणि माझा कल ‘छायायंत्र’ या शब्दाकडे आहे. शिवाय मसुद्यात ‘सूर्याच्या आभासी भ्रमणामुळे सावली सरकते’ असे वाक्य असून त्यातील ‘आभासी’ मला खटकते, पण का खटकते हे नीट सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

‘सौर घड्याळ’ हा शब्द प्रथम बाजूला ठेवावा. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही, परंतु सौर दिवा, सौर पंप, सौर कुंपण या शब्दांमुळे ‘सौर’ म्हणजे सूर्याच्या ऊर्जेवर चालणारे हा अर्थ आता इतका रुळला आहे, की फलक वाचणारा विद्यार्थी त्या दगडात बॅटरी कुठे आहे हे शोधू लागेल.

‘सूर्यघटिका’ हा शब्द कानाला गोड असला तरी त्यात दोन निराळ्या साधनांची सांगड घातली गेली आहे. घटिका म्हणजे मुळात लहान घट, अर्थात पात्र. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायचे आणि ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजायचे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडवात हीच व्यवस्था असे, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. त्या साधनाला सूर्याची गरज नव्हती, ते रात्री आणि ढगाळ दिवशीही चालत असे. सावलीच्या साधनाला पाण्याच्या साधनाचे नाव देणे हे काटेकोर माणसाला आवडणार नाही. अर्थात ‘घडी’ आणि ‘घड्याळ’ हे शब्दही त्याच कुळातले असून आज भिंतीवरच्या घड्याळात पाणी नसल्याची तक्रार कोणी करत नाही, म्हणून हा आक्षेप मी फार ताणणार नाही. ‘सूर्यघड्याळ’ विषयी माझी तक्रार वेगळी आहे. ‘घड्याळ’ म्हटले की पाहणारा लगेच मनगटाकडे पाहतो, दोन्ही वेळांची तुलना करतो आणि दगडाचे साधन चुकते आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. प्रत्यक्षात ते आपले काम अचूक करत असते, फक्त ते काम भारतीय प्रमाणवेळ सांगण्याचे नसते.

म्हणून ‘छायायंत्र’. या साधनात आपण सूर्य पाहत नाही, सावली वाचतो, आणि हा शब्द नेमके तेच सांगतो. ‘यंत्र’ शब्दालाही येथे परंपरा आहे. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वर्णन केलेल्या खगोलीय साधनांच्या यादीत गोलयंत्र, नाडीवलय, शंकू, चक्र, फलक अशी नावे येतात, तर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे उभारलेल्या वेधशाळांतील सर्वांत भव्य छायायंत्राचे नाव ‘सम्राट यंत्र’ असेच आहे. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. ‘जंतरमंतर’मधील ‘जंतर’ हे या ‘यंत्रा’चेच बोलीतले रूप. एवढे मात्र मान्य करावे लागेल, की ‘छाया’ हा शब्द वर्तमानपत्रांनी छायाचित्राच्या खाली छापून छापून कॅमेऱ्याला देऊन टाकला आहे, आणि ‘छायायंत्र’ वाचून एखाद्याला झेरॉक्सची आठवण झाल्यास त्याला दोष देता येणार नाही. तो धोका पत्करूनही मी हाच शब्द घेईन.

फलकावर ‘शंकू’ लिहिणार असाल तर मात्र एक ओळ खर्च करावी. शाळेतल्या भूमितीत शंकू म्हणजे आइस्क्रीमच्या कोनाचा आकार. जुन्या ज्योतिषात शंकू म्हणजे सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी केलेली, बारा अंगुळे उंचीची काठी किंवा खुंटी. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवशी, मध्यान्ही तिची जी सावली पडते ती ‘पलभा’. नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५ अंश असल्याने येथील पलभा साडेचार अंगुळांहून किंचित जास्त भरते. गावाचा अक्षांश एका काठीच्या सावलीत सांगणारा इतका नेटका शब्द मराठीत असताना तो केवळ पंचांगकर्त्यांकडे राहावा, हे बरे नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, परंतु सगळी चर्चा संस्कृत शब्दांतच झाली. पूर्व विदर्भातील आमच्या गावाकडे यंत्राशिवायही दिवस मोजला जात असे. सकाळी ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणत. कासरा म्हणजे बैलांना बांधलेला दोर, आणि येथे ‘दिवस’ म्हणजे खुद्द सूर्य. मग ‘दिवस डोक्यावर आला’, ‘दिवस कलला’, ‘उन्हं उतरली’, आणि शेवटी ‘दिवस बुडाला’. या क्रियापदांची निवड पाहावी. वर येणे, डोक्यावर येणे, कलणे, उतरणे, बुडणे ही सर्व क्रियापदे पाहणारा जिथे उभा आहे तिथून केलेली आहेत. ‘सूर्य पृथ्वीभोवती फिरतो’ असे त्यांतले एकही क्रियापद म्हणत नाही. ‘फिरतो’ हे क्रियापद पाठ्यपुस्तकाने आणले, आणि मग तेच चुकीचे आहे असे सांगण्यासाठी ‘आभासी’ हे विशेषणही त्यानेच आणले.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

हेच मला म्हणायचे होते. मग ‘आभासी’ काढून काय घालावे? ‘भासमान’ की ‘दृश्य’?

पहिल्याच प्रतिसादकाचे उत्तर

‘आभासी’ची अडचण काळाने निर्माण केली आहे. आभासी जग, आभासी चलन, आभासी वर्ग अशा प्रयोगांमुळे त्या शब्दाला ‘खरे नसलेले’ अशी छटा चिकटली आहे. सूर्याचे सरकणे त्या अर्थाने खोटे नाही. ते मोजता येते, तासाला १५ अंश या दराने ते घडते आणि त्यावरूनच यंत्रावरच्या रेषा आखल्या जातात. खोटी आहे ती फक्त ‘सूर्य हलतो म्हणून असे होते’ ही कारणमीमांसा. ‘भासमान’ या विशेषणात दिसण्यावर भर आहे आणि निकाल दिलेला नाही, म्हणून मी ‘भासमान गती’ला पसंती देतो. ‘दृश्य गती’ही चालेल, परंतु ‘दृश्य’ म्हटल्यावर ‘अदृश्य गती’ कोणती असा फाटा फुटतो.

आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास हा भेद एका नावेच्या दाखल्याने स्पष्ट केला होता. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरील अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसे अचल तारे लंकेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे ते म्हणतात. नावेच्या गतीला त्यांनी ‘अनुलोम’ आणि काठाच्या दिसणाऱ्या गतीला ‘विलोम’ म्हटले आहे. नावेतल्या माणसाचे डोळे खोटे आहेत असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही.

फलकावर ‘भ्रमण’ हा शब्दही मी टाळेन, कारण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सूर्य रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो ही दैनंदिन भासमान गती, आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो रोज सुमारे एक अंश पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो ही वार्षिक भासमान गती. दोन्ही दिशा एकमेकींच्या उलट आहेत. ‘सूर्याने मकर राशीत प्रवेश केला’ हे वाक्य दुसऱ्या गतीविषयी आहे, ‘सूर्य मावळतीला गेला’ हे पहिलीविषयी. एकाच परिच्छेदात दोन्हींना ‘भ्रमण’ म्हणणारा मजकूर विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकतो.

हाच घोळ ‘उत्तरायण’ शब्दाभोवती आहे. अयन म्हणजे जाणे. उत्तरायणात सूर्य उत्तरेकडे जाऊ लागतो, तो उत्तरेला असतोच असे नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेच्या टोकापासून परततो आणि २१ मार्चपर्यंत उत्तरायण चालू असूनही विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच राहतो. तो उत्तरेला असण्याच्या काळासाठी ‘उत्तर गोल’ हा वेगळा शब्द आहेच. नागपुरात हे काठीने पडताळता येते. २२ डिसेंबरला मध्यान्ही एक मीटर काठीची सावली ९९ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ काठीइतकीच, असते. विषुवदिनी ती ३९ सेंटिमीटरपर्यंत आखडते. पुढे काय होते ते अधिक रोचक आहे, पण त्यावर कोणी वेगळे लिहावे.

तिसरा प्रतिसाद

पुढचे मी लिहितो. कर्कवृत्त नागपूरच्या उत्तरेला असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, २६ मे आणि १७ जुलै या तारखांच्या सुमारास, आपल्या बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवसाला मराठीत ‘शून्य सावली दिवस’ हे नाव छान रुळले आहे. मेमधला हा दिवस नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, येतो, त्यामुळे सावली नाहीशी होण्याचे कौतुक करायला भर दुपारी बाहेर पडणारे नागपूरकर थोडेच. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि काठीची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला एक मीटर काठीची सावली दक्षिणेकडे जेमतेम ४ सेंटिमीटर असते.

फलकासाठी एक सूचना. ‘दुपारी बारा’ आणि ‘मध्यान्ह’ हे समानार्थी म्हणून वापरू नयेत. मध्यान्ह म्हणजे सूर्य याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशात डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, येण्याचा क्षण. १९०६ पासून लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर नागपूर ७९ अंशांच्या जरासे पुढे आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथे सरासरीने मध्यान्ह १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास होते. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा अक्ष कललेला असल्याने वर्षभर बदलणारा फरक मिसळतो, ज्याला आज ‘कालसमीकरण’ म्हणतात आणि ज्याचे दोन भाग जुन्या ग्रंथांत ‘भुजांतर’ आणि ‘उदयांतर’ या नावांनी येतात. परिणामी नोव्हेंबरच्या प्रारंभी नागपूरची मध्यान्ह घड्याळात ११ वाजून ५७ मिनिटांनी होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून २८ मिनिटांनी. या फरकाला फलकावर ‘चूक’ किंवा ‘त्रुटी’ म्हणू नये, ‘संस्कार’ म्हणावे. पंचांगगणितात गणिताने मिळवायच्या किंवा वजा करायच्या अशा फरकासाठी तोच शब्द आहे.

‘कोणत्याही ठिकाणी चालणारे’ असे शब्दही लिहू नयेत. आडव्या तबकडीवरील तासरेषांची मांडणी अक्षांशावर अवलंबून असते. नागपूरसाठी आखलेल्या तबकडीत बारा आणि एकच्या रेषांमध्ये अवघा साडेपाच अंशांचा कोन येतो, तर पाच आणि सहाच्या रेषांमध्ये सुमारे साडेछत्तीस अंशांचा. तयार परदेशी तबकडी आणून बसवल्यास ती येथे उपयोगाची नाही. तबकडी विषुववृत्ताच्या प्रतलात तिरकी बसवली, म्हणजेच भास्कराचार्यांच्या यादीतील नाडीवलयासारखी केली, तरच सर्व रेषा सारख्या १५ अंशांनी पडतात.

दुसऱ्या प्रतिसादकाची शंका

मसुद्यात ‘सावली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते’ असे वाक्य असेल, असे मी गृहीत धरतो. त्याऐवजी ‘सव्य’ लिहावे का?

तिसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

‘सव्य’ नको. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘डावा’ आहे आणि जानव्याचे सव्य-अपसव्य ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यातही दिशेवरून वाद होतात. ‘प्रदक्षिणेच्या दिशेने’ हे स्वच्छ आहे, देवळात गेलेल्या प्रत्येकाला कळते. घड्याळाचे काटे उजवीकडे फिरतात यामागे उत्तर गोलार्धातील छायायंत्रांची सवय आहे असे मानले जाते, तेव्हा छायायंत्राच्या वर्णनासाठी घड्याळाचा आधार घेणे तसेही उफराटेच.

मात्र हे वाक्य उभ्या काठीविषयी असेल तर नागपुरात ते वर्षभर खरे नाही. हिवाळ्यात सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला आणि सायंकाळी पूर्वेला, अशी प्रदक्षिणेच्या दिशेने जाते. २१ जूनला सूर्य ईशान्येकडून उगवतो, दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच राहतो, आणि झिरो माइलच्या खांबासारख्या कोणत्याही उभ्या वस्तूची सावली नैर्ऋत्येच्या बाजूने निघून आधी पश्चिमेकडे सरकते. साडेदहाच्या सुमारास ती थबकते आणि उलट फिरून दक्षिणेकडे वळते. दुपारनंतर ती दक्षिणेकडून पूर्वेच्या दिशेने जाते आणि दोनच्या सुमारास पुन्हा एकदा माघारी वळते. ध्रुवाकडे कललेली धार असलेल्या तबकडीवर असे होत नाही, तिथे सावली एकाच दिशेने जाते. ग्रह ताऱ्यांमध्ये उलट जाताना दिसला की त्याला आपण ‘वक्री’ म्हणतो. जूनमधल्या या सावलीसाठी ‘वक्री छाया’ हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, फक्त राशिभविष्य वाचणाऱ्यांना तो अशुभ वाटू नये म्हणून बोलीतला ‘सावली परतणे’ हा प्रयोग मी आधी लिहीन.