पणजीचा जुना फोटो रंगीत करायचा आहे, सल्ला हवा

ओवी
आमच्याकडे पणजीचा एकुलता एक फोटो आहे, साधारण १९१० च्या सुमाराचा, पुण्यातल्या स्टुडिओत काढलेला. गडद लुगडं, डोक्यावरून पदर. पुढच्या महिन्यात सगळं घराणं जमणार आहे, तेव्हा रंगीत करून मोठी फ्रेम लावायची आहे. एका अ‍ॅपमध्ये टाकला तर लुगडं गडद निळं आलं. दिसतंय छान. तसंच छापू की कुणाकडून हाताने रंगवून घेऊ?

अंधारखोली
निळं छापू नका. तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेल्या काचेवर फोटो काढत, आणि त्यातल्या बहुतेक काचांना लाल प्रकाश जवळपास लागतच नसे, निळा मात्र भरपूर लागे. त्यामुळे लाल वस्तू काळपट उमटायची आणि फिकी निळी पार पांढरट. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास मिळू लागली ती १९२० नंतर. तेव्हा इतकं गडद लुगडं निळ्यापेक्षा लाल किंवा काळं असण्याचीच शक्यता जास्त. अ‍ॅप हे काही बघत नाही, हजारो फोटोंवरून सरासरी अंदाज ठोकतं.

काठपदर
+१. काळी चंद्रकळा आणि लाल लुगडं अशा काचेवर सारखीच दिसतात. ओवी, कपाळावर कुंकू दिसतंय का? ते काळा ठिपका होऊन यायला हवं. हातात बांगड्या?

ओवी
मोठा करून पाहिला. कुंकू नाही, हात मोकळे. पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलाय. पणजोबा लवकर गेले एवढंच घरात माहीत आहे.

काठपदर
मग ते आलवण असू शकेल, केशवपन केलेल्या विधवांना नेसावं लागे ते तांबडं लुगडं. तसं असेल तर अ‍ॅपने एका फटक्यात तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पुसली. आपल्याला बघायला बरं वाटावं म्हणून तिला दुसरं लुगडं नेसवायचा हक्क आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. आणि समारंभ आहे म्हणून कुणी कुंकू लावायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका.

दूरदेशी
२०२१ मध्ये व्हाइस या वृत्तसंकेतस्थळाने कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे रंगवलेले फोटो छापले होते. खमेर रूज या तिथल्या जुलमी राजवटीने मारलेली माणसं ती. काहींच्या चेहऱ्यावर मूळ फोटोत नसलेलं हसू चढवलं होतं. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केला आणि व्हाइसला तो लेख काढावा लागला. रंगवणाऱ्याला आधी विचारा की चेहऱ्याला हात लावणार का. हो म्हणाला तर काम देऊ नका.

ओवी
आत्याआजी नव्वदीच्या आहेत, त्यांना उद्याच विचारते. त्यांनाही आठवत नसेल तर?

अंधारखोली
तर लुगडं रंगवूच नका, फोटो आहे तसाच मोठा करा. आठवत असेल तर मूळ फोटो किमान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये स्कॅन करा आणि ती फाइल तशीच जपून ठेवा. रंग वेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोवरच्या स्वतंत्र थरावर भरा आणि तो थर खालच्या फोटोत मिसळायची पद्धत (ब्लेंड मोड) ‘कलर’ ठेवा, म्हणजे मूळची छाया-प्रकाशाची घडण हलत नाही. गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. त्वचा उजळू नका. अशा काचांवर ती आधीच खऱ्यापेक्षा सावळी आणि खरबरीत येते, तरी किती सावळी होती हे आपण ठरवायचं नाही. फ्रेममध्ये शेजारी मूळ फोटोही लावा आणि मागे पेन्सिलीने लिहा: रंग अंदाजे, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या साली.