रेडिओग्राफी: विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात परीक्षकांचे गुण जुळत नाहीत, मदत हवी आहे

बी.एससी. दुसरं वर्ष, 24 विद्यार्थी, डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) यंत्र, छातीचा पीए (किरण पाठीकडून पुढे जाणारा) एक्स-रे. प्रत्येकाच्या 10 प्रतिमा दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात. मार्कर (डावी-उजवी खूण) आणि सेंटरिंगवर (किरण मध्यावर आहे का) मत जुळतं; रोटेशन (रुग्ण वळलेला आहे का) आणि श्वास (पूर्ण आत घेतलेला आहे का) या दोन मुद्द्यांवर नाही. कप्पा (दोन परीक्षकांचं मत किती जुळतं याचा आकडा, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.4 च्या आसपास अडकलाय.

करून पाहिलेलं: दोन्ही क्लॅव्हिकलच्या (गळपट्टीच्या हाडांच्या) आतल्या टोकांचं स्पायनस प्रोसेसपासूनचं (मणक्याच्या मागच्या उंचवट्यापासूनचं) अंतर मिलिमीटरमध्ये मोजणं, डायफ्रामच्या वर मागच्या किमान 9 फासळ्या मोजणं. रोटेशन थोडं सुधारलं, श्वास नाही. धाप लागलेला किंवा वयोवृद्ध रुग्ण अनेकदा पूर्ण श्वास घेऊच शकत नाही, मग गुण कापायचे कशाचे?

रिजेक्टची (नाकारलेल्या प्रतिमांची) टक्केवारी निरुपयोगी, कारण कन्सोलवर लॉगिन सामायिक आहे, कोणती प्रतिमा कुणाची ते कळत नाही. प्रतिमेच्या उजळपणावरून एक्स्पोजरही कळत नाही, सॉफ्टवेअर चूक झाकतं. म्हणून डेव्हिएशन इंडेक्स नोंदवतो (डिटेक्टरवरचं एक्स्पोजर लक्ष्यापासून किती दूर ते सांगणारा आकडा; +1 म्हणजे लक्ष्यापेक्षा सुमारे 26% जास्त). पण एईसी (एक्स्पोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा) चालू असताना तो आकडा विद्यार्थ्याचा की यंत्राचा?

फँटम (सरावासाठीचा शरीराचा नमुना) नाही. सरावासाठी रुग्णाचं पुन्हा एक्स्पोजर अर्थातच करणार नाही.

श्वासाचा निकष प्रतिमेऐवजी रुग्णाला दिलेल्या सूचनेवर आणि एक्स्पोजरच्या वेळेवर, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणातून, कुणी मोजता का? त्या तक्त्यात नेमके कोणते मुद्दे ठेवता?