वायेसीतोचं टपालठाणं: इतिहास की नुसता देखावा?

रानवाटा
गेल्या रविवारी दक्षिण कॅलिफोर्नियात अँझा-बोरेगोच्या वाळवंटातलं वायेसीतोचं टपालठाणं पाहून आलो. पाहिलं खरं, पण नेमकं काय पाहिलं तेच कळेना. मूळ घर १८५० च्या दशकातलं. ते ढासळत ढासळत मातीला मिळालं. आज उभं आहे ते १९३४ साली नव्याने उभारलेलं. सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी बटरफिल्ड कंपनीची टपालगाडी इथे थांबायची. सुमारे २,८०० मैल, २५ दिवसांची मुदत, आठवड्यातून दोन फेऱ्या. आणि ही गाडी चालली किती? सप्टेंबर १८५८ ते मार्च १८६१. अडीच वर्षं! तेवढ्यासाठी नव्या भिंती बांधून वर 'ऐतिहासिक' म्हणायचं? पडकं होतं तसंच राहू द्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत.

चुनखडी
मुळीच पटलं नाही. मातीचं घर पडकं राहत नसतं हो, ते नाहीसंच होतं. आमच्या गावची गढी घ्या. लोकांनी पांढरी माती धाब्यावर टाकायला टोपल्या भरभरून नेली, आज तिथे एक उंचवटा आणि वेड्या बाभळी. पोरांना सांगितलं तर हसतात.
वायेसीतोची मूळ भिंत तर विटांचीही नव्हती. शेजारच्या दलदलीत खारं गवत उगवतं, त्याची मुळांसकट मातीची ढेकळं चौकोनी कापून एकावर एक रचलेली. मुळांनी माती धरून ठेवायची, एवढाच काय तो आधार. असं घर किती टिकणार? आणि वयाचंच म्हणाल, तर ठाण्याने बटरफिल्डच्या गाड्या अडीच वर्षं पाहिल्या, तुमची 'नक्कल' नव्वदी ओलांडून उभी आहे.

रानवाटा
वय झालं म्हणून नक्कल अस्सल होत नाही. आखीवरेखीव घर दिसलं की माणसाच्या डोळ्यांपुढे सहा घोड्यांची रंगवलेली बग्गी येते. प्रत्यक्षात या वाळवंटी टप्प्यांवर धावायच्या त्या कापडी छताच्या हलक्या गाड्या, आणि त्याही खेचरांच्या. बाकं पाडून रात्री त्यावरच अंग टाकायचं. परवा तिथे आलेली मंडळी याबद्दल एक अक्षर विचारत नव्हती. सगळ्यांना पांढऱ्या पोशाखातल्या नवरीच्या भुताची गोष्ट हवी होती.

खेचरवाला
भुताचं सोडा, जिवंत माणसांचे हाल काय कमी होते? पश्चिमेकडे येणाऱ्या पहिल्या गाडीतून शेवटपर्यंत आलेला प्रवासी एकच, न्यूयॉर्क हेराल्डचा बातमीदार वॉटरमन ऑर्म्सबी, वय २३. चोवीस दिवसांच्या आत पोचला. सुरुवातीचं भाडं २०० डॉलर, तेही रात्रंदिवस हाडं खिळखिळी करून घेण्याचं!

पाणवठा
तुम्ही सगळे भिंती आणि गाड्यांवर भांडताय. ठाणं तिथेच का, हे कुणी विचारतंय का? पाण्यामुळे. पूर्वेला कोलोरॅडो नदीकाठच्या युमापासून वाळू तुडवत यायचं, वाटेत मिळेल ते पाणी बहुधा खारट, आणि वायेसीतोत आलं की जनावरांना चरायला हिरवं दिसायचं. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १८४६ मध्ये, अमेरिकेच्या जनरल कर्नीचं दमलेलं सैन्य इथे टेकलं. जानेवारी १८४७ मध्ये मॉर्मन बटालियन, म्हणजे त्याच सैन्यातली मॉर्मन पंथीयांची पलटण, इथूनच पुढे गेली. बॉक्स कॅन्यनची खिंड गाड्यांपेक्षा अरुंद निघाली, तेव्हा त्या लोकांनी कुऱ्हाडींनी खडक फोडून वाट काढली. १८५७ ची सॅन अँटोनियो–सॅन डिएगो टपालसेवा याच वाटेची. डोंगराच्या चढाला गाडी चालेना म्हणून उतारूंना खेचरांवर बसवत, त्यामुळे लोक तिला 'गाढवडाक' म्हणायचे. १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाचं पायदळ उलट दिशेने, पूर्वेला गेलं.
आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून त्या झऱ्यांवर इथले मूळ रहिवासी कुमेयाय लोक नांदत होते. बटरफिल्डच्या अडीच वर्षांचा एवढा गाजावाजा, मग त्यांच्या शेकडो वर्षांचं काय? माझी तक्रार भिंतींबद्दल नाहीच, गोष्ट कुठून सुरू करतात त्याबद्दल आहे.

चुनखडी
पाणवठा, हे मात्र मान्य. माझ्याही बोलण्यात कुमेयाय आलेच नाहीत, चूक माझी. पण रानवाटा, एक सांगा. भिंतीच नसत्या तर तुम्ही तिथे गाडीतून उतरला तरी असता का?

रानवाटा
उतरलो असतो, सावलीला. तशीही जेवणाचा डबा उघडला तो मेस्किटच्या झाडाखालीच. तुमच्या गढीवरच्या वेड्या बाभळीची चुलतबहीण ती. काटेसुद्धा तेच.