मदत हवी आहे: ट्रिक रूममध्ये अमूंगस उर्सालूनाच्या मागे का पडतोय?

भूछत्र

नमस्कार मंडळी. खेळ पोकेमॉन स्कार्लेट, सामने डबल्सचे (दोघांविरुद्ध दोघे), सगळे लेव्हल ५० वर. अमूंगसचं गाडं चार-पाच ठिकाणी अडलंय. आधी त्याची कुंडली:

अमूंगस, काम (Calm) नेचर (स्वभाव, एक आकडा दहा टक्के वाढवतो आणि एक कमी करतो), टेरा वॉटर (सामन्यात टेरा केला की प्रकार बदलून वॉटर), हातात सिट्रस बेरी
मूव्ह: स्पोअर (झोपवणारी पावडर), रेज पावडर (समोरच्यांचे हल्ले स्वतःकडे ओढते), पॉलन पफ (समोरच्याला मार, जोडीदाराला एचपी), प्रोटेक्ट
आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१) सगळे ३१
एचपी (जीव) २२१, डिफेन्स ११०, स्पेशल डिफेन्स १२१, स्पीड ५३

ईव्ही (सरावाने किंवा औषधाने मिळणारे गुण) द्यायचे ठरवले होते ते असे: एचपी २५२, डिफेन्स १५६, स्पेशल डिफेन्स १००.

१. जोडीदार फरिगिराफने ट्रिक रूम (हळू तो आधी, असा उलटा क्रम लावणारी मूव्ह) लावली तरी समोरचा उर्सालूना आधी मारतो. अमूंगसचा बेस (जातीचा मूळ) स्पीड ३०, उर्सालूनाचा ५०. उलट्या क्रमात अमूंगस आधी नको का?

२. आठ झिंक (एकीतून स्पेशल डिफेन्सचे १० ईव्ही) दिल्या, नववी घेतच नाही. १०० ईव्ही म्हणजे दहा झिंक ना?

३. वेलस्प्रिंग मास्कची ओगरपॉन सुरुवातीला रेज पावडरला भीक घालत नाही, थेट जोडीदाराला मारते. त्याच सामन्यात पुढे मात्र गुमान अमूंगसकडे वळते.

४. हॅटरीनवर स्पोअर टाकला तर एका सामन्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या सामन्यात अमूंगसच झोपला! हा बग समजायचा का?

५. अ‍ॅबिलिटी (अंगभूत शक्ती) बदलायची कॅप्सूल दिली, तरी रीजनरेटर ही अ‍ॅबिलिटी येत नाही.

शेवटची चाल

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्या त्या ५३ मध्ये दडलंय.

लेव्हल ५० ला स्पीड असा निघतो: बेसची दुप्पट, अधिक आयव्ही, अधिक ईव्हीचा चौथा भाग. या बेरजेचं निम्मं करून त्यात ५ मिळवायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा. अमूंगसचे ६० आणि ३१ मिळून ९१, निम्मे ४५, अधिक ५ म्हणजे ५०. काम नेचर स्पीडला हात लावत नाही, म्हणजे आकडा ५० च दिसायला हवा. तुमच्याकडे ५३ आहे. वरचे तीन आले ते स्पीडमध्ये शिरलेल्या ईव्हीमुळे. रानातल्या लढायांत चपळ पोकेमॉन हरवले की हे गुपचूप साचत जातात.

किती साचले तेही काढता येतं. एकूण मर्यादा ५१०. एचपी २५२ आणि डिफेन्स १५६ पूर्ण भरलेत, कारण २२१ आणि ११० हे आकडे बरोबर जुळतात. स्पेशल डिफेन्स काम नेचरने १२४ यायला हवा होता, आलाय १२१. सात झिंकचे ७० गेले, आठवीतून जागा होती तेवढे ८ च बसले आणि कोटा संपला. म्हणजे तिथे ७८ आहेत. ५१० मधून २५२, १५६ आणि ७८ वजा केले की उरतात २४. ते स्पीडमध्ये बसलेत. २४ चा चौथा भाग ६, ९१ अधिक ६ म्हणजे ९७, निम्मे ४८, अधिक ५: बरोबर ५३. खात्री करायची तर समरीत आकड्यांच्या पानावर एल दाबा, ईव्हीचा आलेख दिसेल. स्पीडच्या टोकाला छोटंसं टोक बाहेर आलेलं असेल.

उपाय: टामाटो बेरी तीन. एक बेरी स्पीडचे १० ईव्ही कमी करते, म्हणजे २४, १४, ४, शून्य. मग दोन झिंक आणि दोन क्लेव्हर फेदर (एकातून १ ईव्ही), ७८ चे १०० होतील. फ्रेश-स्टार्ट मोची मात्र देऊ नका, ती सगळेच ईव्ही पुसते आणि पंचवीस एचपी-अप पुन्हा घालाव्या लागतील.

पण थांबा, एवढ्याने उर्सालूना मागे पडणार नाही. ट्रिक रूमसाठी बांधलेल्या उर्सालूनाचा आयव्ही ० आणि नेचर स्पीड कमी करणारं असतं. त्याचे ५० अधिक ५ म्हणजे ५५, त्यातले दहा टक्के गेले की ४९. तुमचा साफ केलेला अमूंगस ५० वर. एका आकड्याने हरताय! बेस स्पीड बघून हिशेब केला की असं फसायला होतं. समोरच्याने आयव्ही आणि नेचर दोन्ही खाली आणलेले असतात.

रिलॅक्स्ड मिंट (नेचरचा परिणाम बदलणारी वस्तू) द्या. स्पीड ४५ होईल, डिफेन्स ११० चा १२१, स्पेशल डिफेन्स ११३ वर येईल. चॅन्सी सप्लाय या दुकानात मिंट २०,००० ला मिळते. स्पेशल डिफेन्सच जास्त हवा असेल तर सॅसी मिंट. स्पीड तितकाच कमी होतो.

उलटी खोली

वरचं गणित चोख आहे, पण ४५ वर आणूनही उर्सालूना झोपेलच असं नाही. त्याच्या हातात बहुतेक वेळा फ्लेम ऑर्ब असतो. टर्नच्या शेवटी तो स्वतःला भाजून घेतो, आणि एकदा भाजला की त्याला दुसरी बाधा होत नाही, झोपही नाही. ट्रिक रूमची प्रायॉरिटी (मूव्ह आधी की नंतर, ते ठरवणारा आकडा) उणे ७, म्हणजे ती पहिल्या टर्नला सगळ्यांच्या शेवटी लागते. उर्सालूना पहिल्यापासून मैदानात असेल तर तुमचा उलटा क्रम सुरू होईतो तो भाजलेला असणार. स्पोअरची संधी फक्त तो नव्याने आला की: कोणी पडल्यावर टर्न संपताना आला तर पुढच्याच टर्नला, आणि बदलीत आला तर त्याच टर्नला त्याच जागेवर रोखून. बदली सगळ्या मूव्हच्या आधी होते, त्यामुळे स्पोअर आत आलेल्याला लागतो.

आणखी एक, ट्रिक रूम पाच टर्नची म्हणतात त्यात लावल्याची टर्नही धरलेली असते. हातात चारच येतात.

आता तीन आणि चार. बग नाही. पावडर ग्रास प्रकाराला लागत नाही, एवढा एकच नियम आहे. फक्त प्रकार त्या क्षणाचा बघायचा, जन्माचा नाही.

वेलस्प्रिंग ओगरपॉन सुरुवातीला ग्रास-वॉटर. ग्रास आहे म्हणून रेज पावडर तिला ओढू शकत नाही. टेरा केल्यावर ती नुसती वॉटर होते, ग्रास गळून पडतं, आणि मग ती ओढली जाते. स्पोअरही लागतो. रिलाबूम, व्हिम्सिकॉट यांचंही तेच, ते टेरा करून दुसऱ्या प्रकारात जाईपर्यंत पावडरचा काही उपयोग नाही. उलट बाजूने, एखाद्या अग्नीवाल्याने टेरा ग्रास केला की तुमचा स्पोअर आणि रेज पावडर दोन्ही फुकट.

हॅटरीनची अ‍ॅबिलिटी मॅजिक बाउन्स. स्पोअर तुमच्याकडेच परत येतो. पहिल्या सामन्यात अमूंगस ग्रास होता म्हणून काही झालं नाही. दुसऱ्यात तुम्ही टेरा वॉटर केलेला असणार. ग्रास गेलं, स्वतःचीच पावडर स्वतःच्या नाकात. तेव्हापासून समोरच्या अमूंगसचा स्पोअरही तुम्हाला लागतो, आणि त्याची रेज पावडर तुमचा पॉलन पफ ओढून घेते. टेरा वॉटर वाईट नाही, आगीचा आणि बर्फाचा मार कमी होतो, पण समोर हॅटरीन किंवा दुसरा अमूंगस असेल तर हात आवरता घ्या.

भूछत्र

दुसऱ्या सामन्यात टेरा केला होता, बरोबर. टामाटो तीन, झिंक दोन, फेदर दोन, मिंट एक: आता २२१, १२१, ११३, ४५.

दोन शंका. स्पोअर आणखी कुठे वाया जातो? आणि ४५ पुरे की स्पीडचा आयव्ही ० करायलाच हवा?

रानभाजी

स्पोअरची अचूकता १०० आहे म्हणून लोक डोळे झाकून टाकतात. ग्रास आणि मॅजिक बाउन्स वर आलंच. त्याखेरीज गोल्डेंगोला कुठलीच स्टेटस मूव्ह (थेट मार न देणारी) लागत नाही, गार्गनॅक्ललाही झोप नाही. इन्सोम्निया, व्हायटल स्पिरिट, स्वीट व्हेल या अ‍ॅबिलिटीही झोप अडवतात. ओव्हरकोट तर पावडरच अडवतो. जमिनीवर उभा असलेला कोणीही इलेक्ट्रिक किंवा मिस्टी टेरेनमध्ये झोपत नाही. सब्स्टिट्यूटच्या (मूव्हने उभ्या केलेल्या बाहुलीच्या) आड असलेलाही नाही. लम बेरी झोपेतून लगेच उठवते, पण एकदाच.

आणि हातात धरायची वस्तू, सेफ्टी गॉगल्स. हे सगळ्यात तापदायक, कारण पहिल्यांदा फसल्यावरच कळतात. गॉगल्सवाल्याला स्पोअरही लागत नाही आणि रेज पावडरही ओढत नाही. इन्सिनेरोरच्या डोळ्यांवर ते आहेत असं गृहीत धरूनच पहिली टर्न खेळा. कव्हर्ट क्लोक या वस्तूला मात्र घाबरू नका. तो हल्ल्याच्या जोडपरिणामांपासून वाचवतो. स्पोअर स्वतःच मूळ मूव्ह आहे, तो आरपार जातो.

रेज पावडरबद्दल: तिची प्रायॉरिटी +२, फेक आउटची (मैदानात येताच दचकवणारा हल्ला) +३. त्यामुळे समोर फेक आउटवाला असेल तर पहिल्या टर्नला अमूंगस दचकून गप्प बसू शकतो. प्रँकस्टर अ‍ॅबिलिटीवाल्याचा टॉन्ट (स्टेटस मूव्ह करू न देणारी मूव्ह) +१ वर येतो, म्हणजे रेज पावडर त्याच्या आधी होऊन जाते. पण टॉन्ट बसल्यावर पुढे फक्त पॉलन पफ उरतो. शिवाय हीट वेव्ह, रॉक स्लाइड, मेक इट रेन असे दोघांना लागणारे हल्ले रेज पावडर ओढत नाही. आर्कालुडॉनकडे स्टॉलवर्ट अ‍ॅबिलिटी असेल तर तोही वळत नाही.

या हिशेबाने सिट्रसचा पुन्हा विचार करा. २२१ वर ती ५५ परत देते. टीममध्ये फेक आउट अडवणारं दुसरं काही नसेल तर कव्हर्ट क्लोक, टॉन्टचा जाच असेल तर तो उतरवणारी मेंटल हर्ब. मेंटल हर्ब एकदाच चालते, पण बहुधा तेवढीच टर्न हवी असते.

पाचवा प्रश्न राहिला. कॅप्सूल दोन साध्या अ‍ॅबिलिटींमध्ये अदलाबदल करते. अमूंगसला साधी अ‍ॅबिलिटी एकच, इफेक्ट स्पोअर. रीजनरेटर लपलेली आहे, तिला अ‍ॅबिलिटी पॅच लागतो. तो सहा ताऱ्यांच्या रेडमध्ये (एकत्र लढायच्या लढाईत) अधूनमधून मिळतो. मिळाला की इथेच वापरा. प्रत्येक बदलीला एकतृतीयांश एचपी, तुमच्या अमूंगसला ७३, आणि तेही बेरी न खाता.

शेवटची चाल

शून्य आयव्हीबद्दल. ३१ आयव्हीला स्पीड ४५, शून्य आयव्हीला ३१. या दोन आकड्यांच्या मध्ये आणि आसपास कोण उभं आहे ते बघा. शक्य तितके हळू बांधले तर डोंडोझो ३६, स्नॉरलॅक्स ३१, समोरचा अमूंगस ३१. हॅटरीन ३० आणि टॉर्कोल २२, हे शून्य आयव्हीनेही तुमच्या आधीच जाणार. माझ्या मते आत्ता ४५ वर खेळा.

उलटी खोली

इथे थोडा मतभेद. अमूंगसविरुद्ध अमूंगस हा सामना वारंवार येतो. स्पोअर एकमेकांना लागत नाही हे खरं, पण ट्रिक रूममध्ये कोणाचा पॉलन पफ आधी जोडीदाराचं अर्धं एचपी भरतो यावर टर्न फिरते. शून्यवाला तिथे नेहमी आधी. आणि साध्या क्रमात सगळ्यात शेवटी पॉलन पफ पडणंही बऱ्याचदा सोयीचंच असतं, मार बसून झालेला असतो.

करायचं तर अंड्यातून नवा काढायचा, रीत सोपी आहे. शून्य स्पीड आयव्हीचा डिट्टो (याची जोडी जवळपास कोणाशीही जमते) किंवा ग्रास अंडीगटातला नर शोधा. आयव्ही दाखवणाऱ्या जजच्या पानावर स्पीडसमोर 'नो गुड' दिसलं पाहिजे. त्याच्या हातात पॉवर अँक्लेट, म्हणजे स्पीडचा आयव्ही हमखास त्याचाच उतरतो. रीजनरेटरवाल्या अमूंगस मादीच्या हातात डेस्टिनी नॉट, म्हणजे एकूण पाच आयव्ही आई-बापांकडून येतात. लपलेली अ‍ॅबिलिटी मादीकडून ६० टक्के वेळा उतरते. नेचरसाठी एव्हरस्टोन लावू नका, हात अडतो. तिथे मिंट आहेच. अंड्यातून निघालेला फूंगस लेव्हल ३९ ला अमूंगस होतो, पण स्पोअर फूंगस म्हणून ४८ ला येतो आणि अमूंगस झाल्यावर ५४ ला. घाई असेल तर बदल अडवून ४८ पर्यंत फूंगसच ठेवा.

रानभाजी

एवढं करून शेवटी कोणी गोल्ड बॉटल कॅप देऊ नका. ती सगळे आयव्ही वर नेते, स्पीडसकट, आणि ते परत खाली आणता येत नाहीत. साधी बॉटल कॅप घ्या आणि एचपी, डिफेन्स, स्पेशल डिफेन्स एकेक निवडून वाढवा.