मदत हवी आहे : आयर्न ८८३ चा ड्राइव्ह बेल्ट बदलावा का?

हार्ले आयर्न 883 बाईक, मॉडेल 2014, रीडिंग 52,000 किमी. बेल्ट (चेनऐवजी मागचं चाक फिरवणारा दातेरी पट्टा) कंपनीचाच, अजून बदललेला नाही.

मागचं चाक उचलून, हाताने फिरवत बेल्ट पूर्ण तपासला. दोन गोष्टी सापडल्या. कडेला दोरे सुटून आलेत, म्हणजे 'केसाळ' कड. ती चालते, फक्त लक्ष ठेवायचं, हे माहीत आहे. खरी काळजी दुसरीची: खडी अडकून दातांच्या बाजूला पडलेला खड्डा. मधोमध असता तर सोडून दिला असता, पण हा बाहेरच्या कडेपासून जेमतेम 3 मिमीवर आहे. कडेला मार लागला की बेल्ट तिथूनच फाटत जातो. दात तुटलेला नाही, दाताच्या बुडाशी बाहेरून दिसणारी चीरही नाही. तसं असतं तर विचारलंच नसतं, सरळ बदलला असता.

ताण थंड बेल्टवर, सर्वांत घट्ट जागी, 4.5 किलो जोर लावून मोजला. मॅन्युअलच्या मर्यादेत आहे.

आता प्रश्न:

1. एवढ्या खड्ड्यावर कुणी बेल्ट चालवलाय का? किती किमी टिकला? (घाट आणि खडीचे रस्ते धरून सांगा, गुळगुळीत हायवेचे आकडे नकोत.)

2. दगडाचा मार सोडून इतर कारणाने बेल्ट बदलला तर दोन्ही स्प्रॉकेटही (बेल्ट ज्यांवर फिरतो ती पुढची-मागची दातेरी चाकं) बदलायची असतात. इथे मागच्या स्प्रॉकेटचा क्रोम शाबूत आहे, नखाला खाच लागत नाही. जुनीच ठेवावीत ना?

3. पुण्यात बेल्ट तयार मिळतो का? पार्सलमध्ये घडी घालून आलेला नको. उलटा वाकवला की आतले दोरे तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.