तोडलेलं कूप, गडद फोटो : मथळ्यात कोणता शब्द?

प्रश्न : चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या तोड झालेल्या सागाच्या कूपांचे (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे) कृष्णधवल फोटो प्रदर्शनात लावायचे आहेत. मुद्दाम काळसर ठेवलेत. मथळे मराठीत हवेत. ‘लो-की’ला, म्हणजे अशा काळसर छटांच्या फोटोला, काय म्हणावं : अंधारा, काळोखा, गडद? आणि जमिनीला ओसाड, उजाड, बोडकी की भकास?

प्रतिसाद : ‘ओसाड’ नकोच. ओस पडतं ते गाव, वाडा. माणसं निघून गेली म्हणून. इथे झाडं गेली ती माणसं आली म्हणून. ‘भकास’ हे बघणाऱ्याच्या मनाचं वर्णन झालं, ते काम फोटोला करू द्या. ‘बोडका’ डोंगराला शोभतो. पण ‘बोडकी जमीन’ मी लिहिणार नाही, त्या स्त्रीलिंगी रूपाला केशवपनाचा जुना क्रूर अर्थ चिकटलाय.

प्रश्नकर्ता : म्हणजे उरला ‘उजाड’. पण ‘उजाडलं’ म्हणजे सकाळ झाली. गडद फोटोखाली विचित्र नाही वाटणार?

प्रतिसाद : वाटू दे की. सावली गेल्यावर उजेड वाढतोच. फक्त एकाच मथळ्यात वापरा, सगळीकडे नको.

दुसरा प्रतिसाद : मूळची आलापल्लीकडची आहे म्हणून सांगते, शहरातले लोक ‘कूप’ वाचून विहीर शोधतील. हा शब्द संस्कृतातला नाही. ‘तोडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघालेला, इंग्रजांच्या वनखात्यामार्फत आलेला. एका पाटीवर खुलासा करा. आणि तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला ‘खुंट’ऐवजी ‘थुट’ लिहा, आमच्याकडे तेच म्हणतात. अजून एक : वन विकास महामंडळ १९७४ साली निघालं, त्यानंतर आमच्या भागात मिश्र जंगल तोडून तिथे साग लावल्याची ठिकाणं बरीच आहेत. त्याला ‘रोपवन’ म्हणतात. सागाच्या थुटांनाही फुटवे येतात. त्यामुळे आज उजाड दिसणारी जागा काही वर्षांनी तशी दिसणार नाही. मथळ्यात महिना-वर्ष हवंच.

तिसरा प्रतिसाद : ‘लो-की’बद्दल. अंधार, काळोख म्हणजे काही दिसत नाही. ‘गडद’मध्ये दिसतं, पण खोलवर. हा फरक छायाचित्रणात मोजताही येतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांच्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांचे टप्पे पाडलेत. त्यात शून्य म्हणजे निव्वळ काळं आणि तिसरा झोन म्हणजे पोत शाबूत असलेली सावली. थुटाची साल तिसऱ्यात बसली तर फोटो गडद, शून्याकडे घसरली तर काळोख. ‘काळवंडलेला’ हा तर सरळ दोषच.

ही घसरण फोटो घेताना आणि प्रोसेसिंगमध्ये होते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणून ठेवतो. काळी माती, जळका पाला असेल तर फोटो फिकट येतो. आपण घाबरून जागेवरच दोन स्टॉप अंडर करतो, म्हणजे प्रकाश कमी घेतो, आणि घरी सावल्या उचलायला गेलं की दाणे (खरखरीत ठिपके) दिसतात. त्यापेक्षा रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) उजळ घ्या, फक्त हायलाइट फुटू देऊ नका, म्हणजे उजळ भाग कोरे पांढरे होऊ देऊ नका, आणि नंतर खाली ओढा.

आकाश शक्य तितकं कापा, नाहीतर नजर तिकडेच पळते. ताज्या थुटाचं कापलेलं तोंड चौकटीत सगळ्यात उजळ असतं. तेही बर्न करून (तेवढाच भाग गडद करून) दाबलंत तर थुट दगडासारखं दिसतं, आणि मग मथळ्यात कितीही नेमका शब्द लिहा, तोड झालीय हे कळतच नाही.

प्रश्नकर्ता : तेच झालंय दोन फोटोंत. मग ‘गडद’ ठरलं. छपाई मॅट कागदावर आहे.

तिसरा प्रतिसाद : मग सांभाळून. मॅटवर काळा तितका खोल उतरत नाही आणि सावल्यांतले जवळजवळचे थर एकमेकांत मिसळतात. पूर्ण प्रिंट काढण्याआधी सालीच्या भागाची एक पट्टी छापून घ्या, आणि ती दालनातल्या दिव्याखाली बघा, टेबललॅम्पखाली नको.