लशीनंतर हातपाय गळाले म्हणणारे सगळे अडाणीच का?

वर्धारोडवाला
काल इथं एका विद्वानानं लिहिलं की लस घेतल्यावर लुळं पडलो म्हणणारे व्हॉट्सॲपवाले अडाणी, असं काही नसतंच. तेव्हापासून डोकं फिरून राहिलं. माझ्या साळ्याला कोविशिल्डनंतर दोनेक आठवड्यांनी जीबीएस झाला, म्हणजे गियाँ-बारे, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं अन् हातपाय लुळे पडतात. जिना चढताना पायातली चप्पल खालीच राहिली अन् याला पत्ताच नाही. संध्याकाळी शर्टाचं बटन लागेना, दुसऱ्या दिवशी चहा ओठातून गळायला लागला. नागपुरात धंतोलीत भरती केलं. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात ती अँटीबॉडीची औषधं, वजनावर देतात, सत्तर किलोच्या माणसाला पाच ग्रॅमच्या 28 बाटल्या, बायकोनं पाटल्या मोडल्या त्याच्या. लशीनंच झालं असं मी छातीठोक म्हणत नाही, पण लशीची तारीख पेपरवर लिहा म्हटलं तर डॉक्टर म्हणतात "त्याचा काय संबंध?" 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली, लाखात साधारण एक जादा जीबीएस निघाला अन् डिसेंबरात मोहीमच बंद केली. तेही अडाणी का?

तर्री_पोहे
तो विद्वान मीच. साळ्याचं वाईट वाटलं, खरंच. पण जीबीएस लस नसतानाही दरवर्षी लाखात एक-दोघांना होतोच. कोट्यवधी लोकांना टोचलं तर त्यातल्या काहींना पुढच्या महिन्यात होणारच, कावळा बसायला अन् फांदी तुटायला. पुण्यात 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला साथ आली ती लशीनं नाही, घाण पाण्यानं. जुलाब करणारा कॅम्पायलोबॅक्टर सापडला. मग पाणी पिणं सोडता का?

वर्धारोडवाला
हेच, हेच! युरोपच्या औषध नियामकानं 2021 मध्ये कोविशिल्डच्याच, तिकडच्या ॲस्ट्राझेनेका लशीच्या अतिदुर्मिळ दुष्परिणामांत जीबीएस लिहिला. त्यांना कावळा अन् फांदी माहीत नसेल.

तर्री_पोहे
अतिदुर्मिळ हा शब्द गिळू नका. इंग्लंडच्या अभ्यासात ही लस घेतलेल्या एक कोटी लोकांमागे जीबीएसच्या 38 जादा केसेस, अन् कोरोना झालेल्या एक कोटींमागे 145. करा हिशोब.

सक्करदरा_ताई
तुम्ही पोरं कालपरवाचं बोलून राहिले. आमच्या वेळी कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया. मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे ती लस, त्यानं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटायचं. आमच्या गल्लीतले एक काका सुयांचा कोर्स चालू असतानाच कमरेखाली लुळे झाले, पुन्हा उभे नाही झाले. सरकारनं ती बंद केली कधी, तर 2004 मध्ये! अन् कुत्रे? ते अजूनही तसेच. रात्री नऊनंतर स्कूटी घेऊन निघा मानेवाड्याकडून, मग समजेल.

भूभू_प्रतापनगर
ताई, विषय काय, तुम्ही बोलता काय. कुत्र्यांना लस दिली, नसबंदी केली तर कोणाला सुया घ्यायची पाळीच येत नाही. दगड मारल्यावर चावणारच.

सक्करदरा_ताई
माझ्या नातीनं दगड मारला नव्हता. ट्यूशनहून येत होती. चार टाके पिंढरीला. खायला घालता ना, मग घरी न्या! 2022 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर बेंचनं हेच सांगितलं होतं.

भूभू_प्रतापनगर
अन् सुप्रीम कोर्टानं त्याला लगेच स्थगिती दिली, ते नाही सांगणार. चिकनवाले सगळा कचरा कोपऱ्यावर फेकतात त्यांना बोलायची हिंमत नाही कोणाची.

ऊन_सत्तेचाळीस
कचऱ्याची गाडी आमच्याकडे चार दिवस आली नाही, त्यावरही काढा ना एक धागा.

सक्करदरा_ताई
तुम्ही गप बसा हो, प्रत्येक ठिकाणी कचरा. नातीला नव्या लशीचे सगळे डोस दिले, दंडातच, काही झालं नाही. रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, तिथं विचार करत बसायला वेळ असते का?

तर्री_पोहे
ताईंनी माझंच काम केलं. धोका माहीत असूनही लोक त्या चौदा सुया घेतच होते.

वर्धारोडवाला
तुझं नाही, माझं केलं! ते काका गेले कमरेखाली, त्यांना काय मिळालं? अमेरिकेत 1988 पासून लशीनं नुकसान झालेल्यांसाठी वेगळा फंड आहे. इथं सरकारनं 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं, आमची जबाबदारी नाही, पाहिजे तर दावा लावा. बाकीच्या लाखांच्या भल्यासाठी एकानं भोगायचं, तर त्याच्या 28 बाटल्या त्या लाखांनी भरायला नको? लस घेऊ नका असं मी एका अक्षरानं म्हटलं नाही. माझे स्वतःचे डोस झालेत.

तर्री_पोहे
बरं बाबा, "असं काही नसतंच" हे मागं घेतो, पेढे वाटा. पैशाचं बोललात ते मात्र पटलं, पटवून घ्यायची इच्छा नव्हती तरी. पण नोंदच नसेल तर कोणता फंड कोणाला देणार? जिल्ह्याला एईएफआय समिती असते, लशीनंतर झालेल्या त्रासाची चौकशी करणारी. डॉक्टर लिहीत नसेल तर औषधांच्या दुष्परिणामांची टोल फ्री हेल्पलाइन आहे, 1800-180-3024, पेशंटला स्वतः कळवता येतं.

वर्धारोडवाला
इतक्या वर्षांनी?

तर्री_पोहे
लावून तर पाहा. कोविनच्या सर्टिफिकेटवर तारीख आहे, डिस्चार्ज कार्ड जोडा. अन् तेव्हा आधी जुलाब झाले होते का तेही खरं सांगा.

वर्धारोडवाला
नव्हते झाले. विचारलं होतं मी.